गाळून फेकलेला, गाळून जपलेला

जामसांवलीचा मारुती उभा नाही, निजलेला आहे. मूर्तीच्या नाभीतून येणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात, आणि शनिवार-मंगळवारी सौंसरकडून, पांढुर्ण्याकडून, थेट नागपुराहून माणसे इथे लोटतात. सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाले. त्याआधी १९५६पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. घरात मराठी, शेतात संत्री आणि कापूस, उशाला जाम नदी. समुद्र मात्र कुठल्याही दिशेने गेले तरी शेकडो कोस लांब.

खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी घरी कोपेपॉड वाढवण्याची गोष्ट अशा गावापासून सुरू करणे उफराटे वाटेल. पण या जिवाची आणि मराठी माणसाची पहिली ओळख समुद्रावर झालीच नाही. ती झाली विहिरीवर, हंड्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यात.

कोपेपॉड म्हणजे ‘वल्ह्यासारख्या पायांचा’. कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला हा प्राणी जेमतेम एक मिलिमीटरचा, कधी दोन, बऱ्याचदा अर्धाच. तेरा हजारांवर जाती माहीत आहेत, आणि समुद्रापासून डबक्यापर्यंत पाणी दिसले की त्यांतली एखादी तिथे असतेच. गोड्या पाण्यातल्या एका प्रकाराला कपाळावर एकच डोळा असतो, म्हणून अठराव्या शतकात डॅनिश निसर्गअभ्यासक म्यूलर याने ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला दिले: सायक्लॉप्स. मादीच्या शेपटीशी, बैलावर गोणी लादाव्यात तशा, अंड्यांच्या दोन पिशव्या लटकतात. पेला उजेडात धरला तर पांढरा ठिपका झटके देत वरखाली जाताना दिसतो. नाव इतके दांडगे आणि जीव एवढासा, पण पुढे त्याने केलेला उपद्रव पाहिला की नाव शोभते असे म्हणावे लागते.

तो उपद्रव म्हणजे नारू. पायावर फोड येई, फोड फुटून पांढरा दोरा डोके काढी, आणि तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागे. तुटला तर पाय सुजून माणूस आठवडेच्या आठवडे आडवा. दोरा म्हणजे हातभर लांबीहून मोठी मादी जंत. तो कुठून येतो याचा विचार एकोणिसाव्या शतकात मुंबईतही चालला होता. तिथले लष्करी डॉक्टर हेन्री कार्टर यांनी १८५०च्या दशकात तलावातल्या एका सूक्ष्म जंताकडे बोट दाखवले. तलाव बरोबर होता, प्राणी चुकला. खरा वाहक सापडला तो मध्य आशियात. १८७०च्या सुमारास अलेक्सेई फेदचेन्को या रशियन अभ्यासकाला नारूची पिल्ले सायक्लॉप्सच्या अंगात शिरून वाढताना दिसली.

यावर शेवटचे शिक्कामोर्तब परळला झाले. आज जिला हाफकिन संस्था म्हणतात, ती तेव्हा बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी होती. तिथल्या डॉ. तुरखुड यांनी १९१३मध्ये लागण झालेले सायक्लॉप्स स्वयंसेवकांना गिळायला दिले आणि त्यांना नारू झाला. आज अशा प्रयोगाला कुठलीही नीतिसमिती परवानगी देणार नाही, पण साखळी पक्की झाली. पाण्याबरोबर सायक्लॉप्स पोटात जातो, जठरातल्या आम्लाने मरतो, आतली पिल्ले मोकळी होतात. वर्षभराने मादी पायातून बाहेर डोकावते. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की पाण्याच्या स्पर्शाने ती हजारो पिल्ले सोडते आणि ती पुन्हा सायक्लॉप्सच्या पोटात जातात. रोग पसरवण्याचे काम विहिरीच्या पायऱ्यांनी केले, एरवी ज्या स्थापत्याचा अभिमान म्हणून दाखवल्या जातात त्यांनी.

तोडगे दोन निघाले. पहिला जुनाच होता, फडके. सायक्लॉप्स डोळ्यांना दिसण्याइतका मोठा, त्यामुळे दुपदरी सुती कापडातून तो पार होत नाही. जैन घरांत पाणी गाळून पिण्याची रीत जीवहत्या टाळण्यासाठी होती. त्या कापडाने जीव वाचत होता आणि पिणाऱ्याचा पायही. दुसरा तोडगा मजेशीर. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या चितळदुर्ग जिल्ह्यात मूर्ती आणि स्वीट या दोघांनी सायक्लॉप्स खाणारे छोटे मासे विहिरींत सोडून पाहिले. म्हणजे कोपेपॉड माशाला खाऊ घालण्याच्या उद्योगाला आपल्या देशात शंभरेक वर्षे होत आली, फक्त तेव्हा मासा हत्यार होता आणि कोपेपॉड शत्रू.

सरकारी मोहीम १९८३-८४मध्ये सुरू झाली. सात राज्यांत रोग होता, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही त्यांत. १९८४मध्ये देशात सुमारे चाळीस हजार रुग्ण मोजले गेले. पायविहिरी बुजवून किंवा बंद करून रहाट बसवले, हातपंप आले, सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे औषध पाण्यात पडले, घरोघर जाळीची फडकी वाटली. शेवटचा रुग्ण १९९६च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात मिळाला आणि २०००च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. लस नाही, खात्रीचे औषध नाही, तरी रोग गेला. त्यात कापडाचा वाटा मोठा.

व्हिएतनाममध्ये याच काळात उलटा प्रयोग चालला होता. मेसोसायक्लॉप्स हा सायक्लॉप्सचाच भाऊबंद डासाची नुकती निघालेली अळी खातो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ताहितीत ही गोष्ट लक्षात आली, आणि पुढे व्हिएतनामी खेड्यांत लोकांनी घरच्या पाण्याच्या रांजणांत तो मुद्दाम सोडला. डेंग्यूचे डास घटले. नारूच्या आठवणी ताज्या असलेल्या मुलखात ‘रांजणात सायक्लॉप्स पाळा’ हा सल्ला कोणाच्या पचनी पडला असता! आपल्याकडे त्या जागी गप्पी मासे आले, आणि ते आजही ग्रामपंचायतीच्या हौदांत आहेत.

आता खारे पाणी. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडले. समुद्र शेजारीच होता, पाणी तिथूनच येई. शहरातल्या हौशी माणसाची काचेची पेटी मात्र बहुधा गोड्या पाण्याची. क्रॉफर्ड मार्केटमधून गोल्डफिश आणायचा आणि गटारातले लाल ट्युबिफेक्स जंत खाऊ घालायचे. लहानशा पिल्लांना काय घालायचे, हा प्रश्न जगभर अडून होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या अल्विन सील यांनी १९३३मध्ये उत्तर दिले: मिठागरात आढळणाऱ्या आर्टेमियाची ताजी पिल्ले. या जिवाची अंडी वाळवून डब्यात भरता येतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसभरात फुटतात. जणू इन्स्टंट कॉफी. जपानात १९६०च्या सुमारास रोटिफर हा सूक्ष्म जीव आला. ईलच्या तळ्यांत तो उपद्रवी म्हणून माहीत होता, ताकाशी इतो यांनी त्यालाच खाद्य म्हणून वाढवले. शत्रू पाळीव करण्याची ही दुसरी तऱ्हा.

तरी प्रवाळांवरच्या कित्येक माशांचे बाळ यातून काहीही खात नव्हते. त्यांचे तोंड इतके लहान की आर्टेमियाही डोंगर वाटावा. कोपेपॉडचे नुकते निघालेले पिल्लू मात्र एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान, झटक्यांनी हलणारे, म्हणून माशाच्या नजरेत भरणारे. त्याच्या अंगात डीएचए नावाचे स्निग्धाम्ल भरपूर, आर्टेमियात ते जवळजवळ नाही. हवाईत यलो टँग माशाची पिल्ले २०१५मध्ये प्रथमच टाकीत वाढवली गेली, ती पार्वोकॅलॅनस या कोपेपॉडच्या जोरावर. मंदारिन नावाचा चित्रविचित्र रंगांचा मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड टिपत राहतो. पेटीत ते नसले तर पुढ्यात सुके खाद्य असूनही तो बहुधा उपाशी मरतो. त्यामुळे खाऱ्या पेटीच्या शौकिनाला घरी कोपेपॉड वाढवावे लागतात. त्यात हौस थोडी, नाइलाज जास्त.

भारतात समुद्री कोपेपॉडची नोंदवही आधी कोलकात्याला लिहिली गेली. सेमूर स्यूअल यांचे भारतीय समुद्रांतल्या कोपेपॉडवरचे ग्रंथ १९२९ ते १९३२मध्ये आले. ते त्यांची नावे लावत होते, वाढवण्याचा विचार नव्हता. तो विचार पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळातल्या विळिंजम केंद्रात आला. तिथे पार्वोकॅलॅनस आणि टेमोरा या जातींची संवर्धने उभी राहिली. महाराष्ट्रात ऐरोलीला, कांदळवन कक्षाच्या सागरी जैवविविधता केंद्राच्या आवारात, राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिकी संसाधन ब्युरोच्या साहाय्याने शोभिवंत समुद्री माशांची उबवणी उभी राहिली, आणि क्लाउनफिश तिथला नायक ठरला. अशा जागी माशांइतकेच काम खाद्याचे असते. हिरव्या शेवाळाच्या बाटल्या, त्या खाऊन जगणारे जीव, आणि त्यांना खाणारी पिल्ले. एक बाटली बिघडली की वरचे सगळे कोसळते.

घरी हा उद्योग बादलीत चालतो. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ, नळीतून मोठे, संथ बुडबुडे, रोज थोडे हिरव्या शेवाळाचे पाणी. टिस्बे ही जात काचेला चिकटून सरपटते, गर्दी सोसते, उन्हाळ्यात आठवड्या-दीड आठवड्यात पुढची पिढी देते. पार्वोकॅलॅनस नाजूक, मोकळी जागा मागणारा, ताजे शेवाळच खाणारा. त्याच्या वाट्याला नवशिक्याने न गेलेले बरे. जास्त खाऊ घातला की पाणी सडते, आणि जाळी धुवायची राहिली की रोटिफर घुसून सगळी बादली ताब्यात घेतात.

काढणी होते ती जाळीतून. सुमारे दीडशे मायक्रॉनच्या जाळीत प्रौढ अडकतात, त्यांना नव्या बादलीत सोडायचे. पिल्ले गळून खालच्या बारीक जाळीत साठतात, ती माशांच्या पिल्लांना. नारूच्या फडक्याचे माप जवळपास हेच होते. फरक इतकाच, की तिथे वर राहिलेले फेकून देत आणि खालचे पीत. सौंसरसारख्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. कोणी इथे खारी बादली मांडलीच तर तिला सावलीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवावे लागेल, माठ ठेवतात तसे.