लिंग ओळखा, पण नाव घेऊ नका

शाळेत व्याकरणाच्या तासाला 'लिंग ओळखा' हा प्रश्न आला की मागच्या बाकांवर काय व्हायचं ते सांगायला नको. बाई मात्र निर्विकार चेहऱ्याने 'टेबल, नपुंसकलिंग' म्हणून पुढे सरकायच्या. खरं तर बरोबर बाईच होत्या. लिंग म्हणजे मुळात नुसती खूण. न्यायशास्त्रात डोंगरावर धूर दिसला, तर तो धूर हे अग्नीचं लिंग! म्हणजे त्या अवयवाला लिंग म्हणणं हेच आधी आडून बोलणं होतं: पुरुष असल्याची खूण. शब्दांचं लिंग शरीराच्या अशा खुणांवरून ठरवावं का, यावर पतंजलीने महाभाष्यात चक्क चर्चा केली आहे. पण खाटेला आणि झाडाला हे कसं लावणार, म्हणून ती कल्पना तिथेच बाद झाली.

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीच्या मंडळींना एक गोष्ट आवडेल (किंवा नाही आवडणार). वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या अंतःपुरातल्या भानगडी कामसूत्रात गावाच्या नावासकट आल्या आहेत. त्याच ग्रंथात पुरुषांचे ससा, बैल आणि घोडा असे तीन प्रकार आहेत. कशावरून? लिंगावरून, असं वात्स्यायन सरळ लिहितो. लाजत नाही, डोळा मारत नाही.

आता रोमला जाऊ. इंग्रजी डॉक्टरांचा 'पेनिस' हा लॅटिन शब्द, आणि त्याचा जुना अर्थ शेपूट! इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिसेरोने पीटस नावाच्या मित्राला पत्रात लिहिलंय की पूर्वी शेपटीला बिनधास्त पेनिस म्हणायचे, आता तोच शब्द अश्लील झालाय. पुढे तोच डॉक्टरी झाला. जर्मन लोक आजही बोलीत शेपूटच म्हणतात, फ्रेंचांनी छडी पसंत केली. आणि ऑफिसच्या रिसेप्शनवर ऐटीत ठेवलेलं ऑर्किड? त्याच्या जोडगाठींवरून ग्रीकांनी त्याला वृषणाचंच नाव दिलं. (एचआरला सांगू नका.)

थोडक्यात, सभ्य शब्द वापरून वापरून मळतो, मग नवा आणावा लागतो. हे सगळीकडेच होतं. मराठीची अडचण वेगळी आहे. लहानपणी 'नुन्नी' किंवा 'शूची जागा'. बारा-तेराव्या वर्षी हे म्हणायची लाज वाटायला लागते, आणि मग उरतं काय? एका टोकाला शिश्न, दुसऱ्या टोकाला शिवी. मधली जागा रिकामी. तिथे आपण 'गुप्तांग', 'प्रायव्हेट पार्ट', नाहीतर नुसतं 'तिकडे' ठेवून दिलंय. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर ही म्हण काही उगाच नाही पडली.

ती जागा भरायचा नेट लावून प्रयत्न केला र. धों. कर्व्यांनी. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. वाचकांनी शरीराबद्दल विचारायचं, यांनी आडपडदा न ठेवता उत्तर द्यायचं. बक्षीस म्हणून अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही हरले, २०० रुपये दंड झाला. त्या काळचे दोनशे!

हा निव्वळ भाषेचा प्रश्न असता तर शनिवार सकाळ त्यात घालवली नसती. वृषणाला पीळ पडणं हा प्रकार जास्त करून वयात येणाऱ्या मुलांत होतो. अचानक जोराची कळ, बऱ्याचदा उलटी. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, पुढे दर तासाला आशा कमी होत जाते. कळ पोटातही जाते, त्यामुळे मुलगा 'पोटात दुखतंय' म्हणतो आणि ते खोटंही नसतं. आई ओवा देते. रात्र निघून जाते. डॉक्टरला 'गोटी दुखतेय' एवढं सांगितलं तरी पुरतं, पण घरात तो शब्द आईसमोर उच्चारायची सोय त्या मुलाला कोणी दिलेली नसते.