बाहेरून तेवढंच, आतून मोठं : बिग-ब्लॉक इंजिनाच्या अदलाबदलीची गोष्ट

आज आपण अमेरिकेत जाणार आहोत, १९६० च्या दशकात, आणि तिथून थेट भंगारात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर असे व्हिडिओ बघितले असतील. जुनी शेव्हरोले किंवा मस्टँग, बॉनेट काढून ठेवलेलं, साखळीला लटकलेलं अवाढव्य व्ही-८ इंजिन आणि ते खाली उतरवताना घामाघूम झालेले दोघंतिघं. या गाड्यांना मसल कार म्हणतात, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन. आणि व्हिडिओखाली एक प्रश्न हमखास असतो : भावा, खर्च किती आला?

आजचा भाग या प्रश्नाचा इतिहास आहे. आपल्याला वाटतं की कंपनीने गाड्या बनवल्या आणि मग हौशी पोरांनी त्यांत मोठी इंजिनं कोंबायला सुरुवात केली. क्रम उलटा आहे. मसल कार हा प्रकारच मुळात कमी खर्चातल्या इंजिन-बदलातून जन्माला आला. आणि तेव्हा जो नियम कामाला आला, तोच आज बजेट आखतानाही कामाला येतो.

आधी मापं समजून घेऊ

अमेरिकेत इंजिनाचं माप क्यूबिक इंचात सांगायचे. एक क्यूबिक इंच म्हणजे साधारण १६.४ सीसी. म्हणजे ४२७ क्यूबिक इंचाचं इंजिन झालं ७ लिटरचं. आपल्या नेहमीच्या हॅचबॅकमध्ये १.२ लिटरचं इंजिन असतं. हिशोब तुम्हीच करा.

आता ‘बिग-ब्लॉक’ म्हणजे काय? अनेकांना वाटतं, जास्त सीसी म्हणजे बिग-ब्लॉक. तसं नाही. हा फरक इंजिनाच्या बाहेरच्या सांगाड्याचा आहे. शेव्हरोलेचं छोटं व्ही-८ १९५५ मध्ये आलं. त्यात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ४.४० इंच. १९६५ मध्ये आलेल्या मोठ्या इंजिनात ते ४.८४ इंच. सांगाडाच मोठा, म्हणून वजनही शंभर पौंडांहून जास्त. गंमत बघा, १९७० मध्ये शेव्हरोलेने छोट्या सांगाड्यातच ४०० क्यूबिक इंचाचं इंजिन काढलं, आणि पाच वर्षांपूर्वी आलेलं बिग-ब्लॉक होतं ३९६ चं! तरी छोटं ते छोटं आणि मोठं ते मोठंच.

पाँटिअॅकची पळवाट

जानेवारी १९६३. जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या शाखांना फर्मान काढलं, शर्यती बंद. पाँटिअॅक या शाखेचं सगळं नाव शर्यतींवर उभं राहिलेलं. त्यांनी करायचं काय? जोडीला आणखी एक नियम होता : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही.

पाँटिअॅकचे मुख्य इंजिनिअर होते जॉन डेलोरियन. त्यांच्यासोबत बिल कॉलिन्स आणि रसेल गी. नव्या टेम्पेस्ट गाडीची चाचणी चालू होती, आत ३२६ चं इंजिन. पाँटिअॅकच्या कारखान्याची एक खासियत होती. त्यांच्या व्ही-८ इंजिनांत छोटा-मोठा सांगाडा असा भेदच नव्हता. ३२६ आणि ३८९, दोन्ही बाहेरून सारखी, बसवायच्या जागाही त्याच. म्हणजे मोठ्या गाडीचं ३८९ उचलायचं आणि टेम्पेस्टमध्ये ठेवायचं. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही.

राहिला ३३० चा नियम. तो नव्या मॉडेलला लागू होता. म्हणून त्यांनी नवं मॉडेल काढलंच नाही. जुन्याच गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज म्हणून ते विकायला ठेवलं. नाव जीटीओ, किंमत साधारण ३०० डॉलर. त्यात ३२५ हॉर्सपॉवरचं इंजिन, कडक स्प्रिंगा, दुहेरी एक्झॉस्ट. विक्री होईल ५,००० नगांची असा अंदाज होता. १९६४ च्या पहिल्याच मोसमात ३२,४५० गाड्या गेल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ब्रेक साध्या टेम्पेस्टचेच राहिले. चारही चाकांना ड्रम.

मग डीलर पेटले

जीटीओनंतर सगळ्यांनाच मोठं इंजिन हवं झालं. जनरल मोटर्सने मर्यादा वाढवून ४०० केली. पण शेव्हरोलेकडे तोवर ४२७ तयार होतं. ते कॉर्व्हेटमध्ये मिळायचं, नव्या कमॅरोमध्ये नाही. कमॅरोला जास्तीत जास्त ३९६.

पेन्सिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळ कॅनन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे डॉन येंको यांची शेव्हरोलेची एजन्सी होती. येंको स्वतः कॉर्व्हेट घेऊन शर्यतीत उतरणारे. १९६७ मध्ये त्यांनी नव्याकोऱ्या कमॅरो घेतल्या, ३९६ बाहेर काढलं आणि ४२७ आत बसवलं. हे जमलं कसं? ३९६ आणि ४२७ एकाच सांगाड्याची भावंडं. पिस्टनचा प्रवास दोन्हींत सारखाच, ३.७६ इंच. फक्त ४२७ चं सिलिंडर थोडं रुंद. बाहेरून ओळखूही येत नाही. शिकागोच्या निकी शेव्हरोलेने आणि न्यूयॉर्कजवळच्या बाल्डविन-मोशनने असेच उद्योग केले. शिकागोतल्याच ‘मिस्टर नॉर्म’च्या एजन्सीने छोट्याशा डॉज डार्टमध्ये बिग-ब्लॉक बसवून दाखवलं.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे ऱ्होड आयलंडच्या टास्का फोर्डची. १९६७ च्या मस्टँगमध्ये ३९० चं इंजिन यायचं आणि रस्त्यावर ते मार खायचं. टास्काच्या मेकॅनिकांनी ४२८ चं पोलीस गाडीचं इंजिन घेतलं आणि बाकीचे भाग फोर्डच्याच पार्ट-कॅटलॉगमधून निवडले. पुन्हा तेच, ३९० आणि ४२८ बाहेरून सारखी. नोव्हेंबर १९६७ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाने या गाडीवर लेख छापला आणि वाचकांना सांगितलं, अशी गाडी हवी की नको ते थेट हेन्री फोर्ड दुसरे यांना लिहून कळवा. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६८ मध्ये, ४२८ कोब्रा जेट मस्टँग फोर्डच्याच शोरूममध्ये आली. एका डीलरच्या मागच्या शेडमधला जुगाड कंपनीचं अधिकृत मॉडेल झाला.

आता तीन उदाहरणं झाली : ३२६ च्या जागी ३८९, ३९६ च्या जागी ४२७, ३९० च्या जागी ४२८. तिन्हींत एकच सूत्र आहे. बाहेरून तेवढंच, आतून मोठं. खर्च वाचतो तो इथेच.

सूत्र सोडलं की काय होतं

१९६९ मध्ये येंको यांनी शेव्हरोलेला गळ घातली की ४२७ कारखान्यातच बसवून द्या. त्यासाठी वाट मिळाली ‘कोपो’ची. एखाद्या शहराला एका रंगाच्या शंभर टॅक्सी हव्यात, पोलिसांना वेगळ्या सीट हव्यात, अशा खास ऑर्डरी नोंदवायची ही पद्धत. ४०० चा नियम कागदावर तसाच राहिला आणि कमॅरो ४२७ घेऊन बाहेर पडल्या.

त्याच वाटेने इलिनॉयच्या ला हार्प गावातले डीलर फ्रेड गिब यांनी ५० कमॅरो मागवल्या. यांत झेडएल-१ इंजिन होतं. तेही ४२७, पण सगळं अॅल्युमिनियमचं, शर्यतीसाठी बनवलेलं. गाड्या आल्या तेव्हा बिल बघून गाव हादरलं असणार. नुसत्या इंजिनाचे ४,००० डॉलरहून जास्त, आणि साधी व्ही-८ कमॅरो तेव्हा २,७०० च्या आसपास मिळायची. अख्खी गाडी ७,२०० च्या वर. गाड्या खपेनात. बऱ्याच शेव्हरोलेने परत घेऊन दुसऱ्या डीलरांकडे पाठवल्या. एकूण बनल्या ६९. आज याच गाड्यांसाठी लिलावात चढाओढ लागते. पण १९६९ मध्ये वीस-बावीस वर्षांच्या कामगार पोराच्या दृष्टीने त्या चंद्रावरच होत्या. मसल कारची सगळी गंमत होती ती तिच्या किमतीत. किंमत हाताबाहेर गेली की मागे उरतं ते नुसतं इंजिन.

भंगारात मिळालेला खजिना

पुढची घसरण झटपट झाली. १९७० मध्ये ४०० ची मर्यादा उठली, शेवेलमध्ये ४५४ आलं, ४५० हॉर्सपॉवरचं. पण तोवर विमा कंपन्यांनी तरुण मालकांचे हप्ते चढवले होते. १९७१ मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला.

७-८ लिटरची इंजिनं आता कोणाला नकोशी झाली. कॅडिलॅकचं ५०० क्यूबिक इंचाचं धूड, ब्यूइक आणि ओल्ड्समोबिलची ४५५, लिंकनमधलं ४६०, सगळ्या लांबलचक गाड्या एकामागून एक भंगारात. शेव्हरोलेचं ४५४ पिकअप ट्रक आणि फिरत्या घरांच्या गाड्यांत मात्र टिकून राहिलं, ते थेट २००० सालापर्यंत. त्या गाड्यांची बॉडी गंजायची, इंजिन धडधाकट राहायचं. येंकोची गाडी ज्याला कधीच परवडली नसती, त्याला तेच इंजिन घराण्यातल्या थोरल्या भावाच्या रूपात भंगारवाल्याकडे मिळू लागलं. बजेटवाला बिग-ब्लॉक बदल आज आपण बघतो, तो हा.

आता बजेट मांडू

समजा १९७० ची साधी शेवेल आहे. आत ३०७ चं छोटं व्ही-८. ट्रकमधलं ४५४ मिळालंय. कागद घ्या.

जमेच्या बाजूला काय? शेव्हरोलेच्या छोट्या आणि मोठ्या दोन्ही इंजिनांना गिअरबॉक्स एकाच ठेवणीच्या बोल्टांवर बसतो. शिवाय कंपनीने हीच शेवेल ३९६ आणि ४५४ घालून विकली होती. म्हणजे माउंट, ब्रॅकेट, रेडिएटर सगळं कुणीतरी आधीच मापून ठेवलंय आणि नव्याने बनवलेलं मिळतंही.

खर्चाच्या बाजूला काय? इथेच लोक फसतात. ४५४ च्या क्रँकशाफ्टचा तोल सांभाळणारं थोडं वजन पुढच्या बॅलन्सरवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर असतं. ३०७ चं फ्लायव्हील त्याला लावलंत तर इंजिन थरथरून स्वतःचीच बेअरिंगं खाईल. म्हणून हे दोन्ही भाग इंजिनासोबतच घ्यायचे. एक्झॉस्ट हेडर वेगळे. उष्णता जास्त, म्हणून रेडिएटर मोठा. नाकावर शंभरेक पौंड वाढले, म्हणून पुढच्या स्प्रिंगा नव्या. मागचं दहा बोल्टांचं एक्सल जोराने सुटताना दम तोडू शकतं, बारा बोल्टांचं शोधावं लागतं.

आणि ब्रेक. साध्या शेवेलला चारही ड्रम. जीटीओवाली गोष्ट आठवली? ७ लिटरहून मोठं इंजिन घालून १९७० च्या साध्या ड्रमवर गाडी थांबवायची, हे धाडस पाकीट वाचवतं आणि माणूस घालवतं. यादीत पुढच्या डिस्क ब्रेकची ओळ पहिली लिहा, इंजिनाची त्याखाली.

मला गंमत वाटते ती अशी, की ही यादी कंपनीनेच ५० वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. १९७० च्या शेवेल एसएस ३९६ चं पॅकेज उघडा. मोठ्या इंजिनासोबत त्यांनी काय दिलं? पुढे पॉवर डिस्क ब्रेक, कडक सस्पेन्शन, बारा बोल्टांचं एक्सल. ते पॅकेज म्हणजे तुमचं बजेट. पहिल्या जीटीओत जे राहिलं होतं, ते तोवर शहाणपणाने भरून निघालं होतं.

दोन सापळे सांगतो. कुणी स्वस्तात ‘४२७’ विकत असेल तर लगेच नाचू नका. मोठ्या ट्रकांसाठीही शेव्हरोले ४२७ बनवायची, पण त्याचा ब्लॉक नेहमीच्या ९.८ इंचांऐवजी १०.२ इंच उंच. नेहमीचा इनटेक मॅनिफोल्ड त्यावर सरळ बसत नाही, बॉनेटही अडतं. नाव येंकोचं, अंग ट्रकचं. ब्लॉकवरचा ओतीव नंबर वाचल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत. दुसरं, काढलेलं ३०७ भंगारात देऊ नका. तेल घालून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवा. या जुन्या गाड्यांत मूळ इंजिन सोबत असलं तर पुढे विकताना मोल वाढतं, आणि मन बदललं तर परतीची वाटही उघडी राहते.

तर पुढच्या वेळी त्या व्हिडिओखाली ‘किती खर्च आला’ असं विचारण्याआधी एवढं बघा, ब्रेक कुठले लावलेत. ड्रमच असतील तर त्या भावाचा खर्च अजून संपलेला नाही.