एक-इंजिन उड्डाण (लहान द्विइंजिनी विमानाचे)

दोन इंजिनांपैकी एक हवेत बंद पडल्यावर उरलेल्या इंजिनावर विमान सावरणे, उडते ठेवणे व उतरवणे. दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा समज अपुरा आहे. एक इंजिन गेले की शक्ती निम्मी होते, पण चढण्याची क्षमता साधारणपणे ८० टक्के किंवा अधिक घटते. कारण सपाट उड्डाणाची गरज भागवून जी शक्ती शिल्लक राहते, तिच्यावरच विमान चढते.

वळण व वेग : जोर एकाच बाजूला राहिल्याने विमानाचे नाक बंद इंजिनाकडे वळते. ते रडरने रोखावे लागते. वेग उतरला की रडरची पकडही सुटते. पूर्ण रडर देऊनही दिशा राखता येत नाही, त्या मर्यादेला किमान नियंत्रण वेग म्हणतात. वेगमापकावर त्याची तांबडी रेघ असते. एका इंजिनावर सर्वाधिक चढ देणाऱ्या वेगाची निळी. दोन्ही प्रोपेलर वैमानिकाकडून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असतील, तर डावे इंजिन जाणे अधिक घातक ठरते.

कृती : विमान धावपट्टीवरच असेल तर दोन्ही थ्रॉटल मागे घेऊन थांबावे. हवेत असल्यास दिशा व निळ्या रेघेचा वेग राखून पूर्ण शक्ती द्यावी. चाके व फ्लॅप आत घ्यावेत. ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचे इंजिन बंद पडलेले असते. त्याचे थ्रॉटल मागे घेऊन खात्री करावी आणि मगच प्रोपेलर फेदर करावा, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला धारेवर येतात व अवरोध घटतो. ही खात्री वगळल्यास घाईत चालू इंजिनच बंद होण्याचा धोका असतो. चालू इंजिनाकडे सुमारे ५ अंशांपर्यंत कल ठेवतात. तरीही विमान आवरत नसेल तर चालू इंजिनाची शक्ती कमी करून समोरच उतरणे श्रेयस्कर.

सोलापूर : होटगी रस्त्यावरील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मी. उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ही उंची दीड हजार मीटरच्या पुढे जाते. पायपर सेमिनोल या प्रशिक्षण विमानाची पूर्ण वजनातील एक-इंजिनी उंचीमर्यादा सुमारे १,१६० मी. (३,८०० फूट) आहे; म्हणजे अशा दुपारी एका इंजिनावर चढाची आशा जवळजवळ उरत नाही. धावपट्टीपुढील अडथळ्याला महत्त्व येते ते यामुळेच. कुमठे येथील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मी. उंचीची चिमणी विमानसेवेच्या आड येते की नाही, यावर अनेक वर्षे वाद चालला. ती १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली.  

प्रशिक्षण : गोंदियाजवळील बिरसी येथे द्विइंजिनी डायमंड डीए-४२ विमानांवर दिले जाते.

अपघात : २४ मे २०१६ रोजी पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणाऱ्या किंग एअर सी-९० विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली. ते नजफगडजवळ शेतात उतरवण्यात आले. सातही जण वाचले.

नियम : २,७२२ किग्रॅ.पर्यंतच्या, कमी वेगाने उतरू शकणाऱ्या अनेक जुन्या द्विइंजिनी विमानांना एका इंजिनावर चढता येण्याची सक्ती नव्हती. प्रवासी वाहतुकीच्या मोठ्या द्विइंजिनी विमानाला मात्र चाके आत घेतल्यावर एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढ साधावाच लागतो. त्या चढाने ९० मी. उंची गाठण्यास पावणेचार किमी. अंतर लागते. सोलापूर–गोवा मार्गावर ९ जून २०२५ पासून उडणारे एटीआर ७२ हे याच वर्गातील विमान आहे.