हरवलेल्या आकड्याची वजाबाकी

१९५६ साली आयबीएमने ‘रॅमॅक’ हे यंत्र आणले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरे. पुढे हार्ड डिस्क लहान झाल्या, स्वस्त झाल्या. पण त्या कधी दगा देतील, याचा नेम नव्हताच.

१९८८ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात तोड सुचवली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडाव्यात आणि थोडी जागा हिशेबासाठी राखावी. तीन आकड्यांची बेरीज लिहून ठेवली, की हरवलेला एक आकडा वजाबाकीने सापडतो, तसेच हे. या रचनेचे नाव ‘रेड’.

आज घरच्या नेटवर्कवर साऱ्या कुटुंबाचे फोटो सांभाळणारी पेटी बहुधा याच हिशेबावर चालते. डिस्क बिघडली, की ती लगेच बदलावी. साध्या मांडणीत त्याआधी दुसरीही गेली, तर बेरीज कामाची नाही. शिवाय आपणच चुकून पुसलेला फोटो हा हिशेब परत देत नाही. म्हणून आजीच्या फोटोची एक प्रत घराबाहेर, बहीण-भावाकडे असू द्यावी.