पंखच झाले रेडिएटर

कॉलेजात हीट ट्रान्सफरच्या गणितात मी रेडिएटर बिनधास्त दुप्पट करायचो. इंजिन गार, मार्क पूर्ण! ही उधळपट्टी विमानात चालत नाही, हे मला कळलं ते सुपरमरीन एस. 6 बी.बद्दल वाचताना.

1929 ते 1931 या दोन वर्षांत रोल्स-रॉइसचं 'आर' इंजिन 1,900 वरून 2,300 अश्वशक्तीपर्यंत गेलं. आता एवढी उष्णता टाकायची कुठे? वाऱ्यात उभा रेडिएटर म्हणजे वेगाला ब्रेकच. म्हणून आर. जे. मिचेलने पंखांना दुहेरी पत्रा लावून त्यात पाणी खेळवलं. तेही पुरेना, तेव्हा पाण्यावर तरंगायच्या फ्लोट्सची वरची बाजूही कामाला लावली. तेल धडाच्या कडेने शेपटीच्या फिनमध्ये जायचं आणि पोटाखालून परतायचं. एवढं करूनही पायलटची नजर तापमानाच्या काट्यावरच. तो चढला की थ्रॉटल मागे.

13 सप्टेंबर 1931ला बूथमनने श्नायडर ट्रॉफी जिंकली (प्रतिस्पर्धी आलेच नाहीत, हा भाग वेगळा). 29 तारखेला स्टेनफोर्थने ताशी 400 मैल ओलांडले.

लढाऊ विमानात मात्र एका गोळीने असा पंख रिकामा झाला असता. स्पिटफायरच्या पंखाखाली म्हणून बंदिस्त बोगद्यातला रेडिएटर आला. तापलेली हवा अरुंद तोंडातून मागे सोडली, तर ती थोडा धक्काही देते, हे मेरेडिथने 1935 मध्ये दाखवलं होतं.