सक्रिय दीर्घिकाकेंद्रे आणि थंड वायूचा शोध

कार्ल सायफर्ट यांनी १९४३ मध्ये काही दीर्घिकांच्या केंद्रांचे वर्णपट तपासले, तेव्हा तेथील वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने हालत असल्याचे त्यांतील रुंद रेषांवरून दिसून आले. केंद्रस्थानी असलेले महाकाय कृष्णविवर भोवतालचे द्रव्य गिळत असताना ते द्रव्य तापून प्रखर तेजाने उजळते, हा अशा ‘सक्रिय’ केंद्रांचा उलगडा मात्र पुढच्या काळात झाला. सायफर्ट यांना दिसला तो आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला, तप्त वायू होता. तारे मात्र थंड वायूतून जन्मतात आणि तो प्रकाशीय दुर्बिणींना जवळजवळ अदृश्यच असतो.

उदासीन हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओलहर सोडतो, हे व्हान डी हुल्स्ट यांचे १९४४ चे भाकीत १९५१ मध्ये खरे ठरले. हायड्रोजनचा रेणू थंड अवस्थेत सहसा काहीच प्रारित करत नाही; म्हणून त्याच्यासोबत आढळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा माग काढावा लागतो आणि तो मार्ग १९७० मध्ये खुला झाला.

या इतिहासातील निर्णायक प्रकरण आयसी ५०६३ या सायफर्ट दीर्घिकेचे मानावे लागेल. १९९८ मध्ये राफाएला मोर्गान्ती आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बिणींतून तिच्या २१ सेंटिमीटर रेषेचे शोषण पाहिले. शोषण करणारा वायू रेडिओस्रोताच्या अलीकडेच असावा लागतो. त्यामुळे त्याची रेषा निळ्या बाजूला सरकलेली दिसली, तर तो स्रोतापासून दूर, आपल्या दिशेने येत आहे, असे निःसंदिग्धपणे म्हणता येते. हे सरकणे सेकंदाला सुमारे ७०० किलोमीटरपर्यंत पोचत होते आणि दीर्घिकेच्या परिभ्रमणातून एवढा वेग मिळणे शक्य नव्हते. कृष्णविवराजवळून निघालेला रेडिओ झोत तबकडीतील ढगांवर आदळतो त्याच ठिकाणी हा वायू असल्याचे पुढील सूक्ष्म निरीक्षणांत आढळले. एवढ्या आघाताने वायू तापून त्याचे आयन व्हावेत, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. तरीही तो अणुरूपात टिकून होता, आणि २०१४-१५ मध्ये तेथेच वेगवान रेणूही सापडले. आघातानंतर वायू झपाट्याने निवतो आणि रेणू नव्याने जुळतात, हे त्याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे.

दरम्यान २०१० मध्ये मार्केरियन २३१ या दीर्घिकेतून दरवर्षी सुमारे ७०० सूर्यांइतका रेणुवायू बाहेर ढकलला जात असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. ताऱ्यांचे कच्चे द्रव्य असे ओसरत असेल, तर तारकानिर्मिती मंदावणार, हा विचार त्यामुळे बळावला. विश्वाच्या प्रसरणाने ताणल्या गेलेल्या २१ सेंटिमीटर लहरी कमी वारंवारतेवर पोचतात. त्यांचे असे शोषण शोधण्यासाठी पुणे जिल्ह्यातील खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीणही वापरली गेली आहे. वायू हलवणे आणि तो दीर्घिकेबाहेर घालवणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण मुक्तिवेग न गाठलेला वायू पुन्हा तबकडीतच कोसळतो. आयसी ५०६३ मध्येही खळबळ झोताच्या टप्प्यापुरतीच आहे. त्यापलीकडची विस्तीर्ण तबकडी नियमितपणे फिरत आहे.