जळालेले चर्च आणि कुंपण नसलेले अभयारण्य

मध्य अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बेलीझ हा देश आपल्या वाचकांच्या फारसा परिचयाचा नसावा. पूर्वी ब्रिटिश होंडुरास या नावाने ओळखला जाणारा हा चिमुकला प्रदेश १९८१ साली स्वतंत्र झाला. तेथील मुक्कामात आम्हां काही धर्मगुरूंना एक दिवस मोकळा मिळाला. एका स्थानिक मार्गदर्शकाला सोबत घेऊन आम्ही सकाळी लामानाई येथील माया संस्कृतीचे अवशेष आणि दुपारनंतर माकडांचे एक अभयारण्य पाहिले. दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहिली नसती, तर त्यांचे एकमेकांशी काही नाते आहे, हे कदाचित आमच्या ध्यानातही आले नसते.

ऑरेंज वॉक गावाजवळून न्यू रिव्हर नदीने मोटारबोटीतून लामानाईला जाता येते. दोन्ही तीरांवर दाट झाडी, आणि मधूनच काठावर ऊन खात पडलेली एखादी मगर. ‘लामानाई’ या नावाचा अर्थही ‘पाण्यात बुडालेली मगर’ असाच सांगतात. नवव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडील सखल प्रदेशातील बहुतेक माया नगरे ओस पडत गेली. लामानाई मात्र नांदते राहिले. ख्रिस्तपूर्व काळापासून थेट सतराव्या शतकापर्यंत येथे माणसांची वस्ती होती. येथील सर्वांत उंच मंदिर सुमारे ३३ मीटरचे आहे. दुसऱ्या एका मंदिराच्या भिंतीवर मगरीचे शिरोभूषण ल्यालेला भव्य दगडी मुखवटा आहे. कॅनडातील रॉयल ऑन्टारिओ म्युझियमचे डेव्हिड पेंडरगास्ट यांनी १९७४ ते १९८६ या काळात येथे उत्खनन केले, तेव्हा चेंडूच्या खेळाच्या मैदानातील मधल्या दगडाखाली चक्क पारा सापडला!

हे सारे पाहून झाल्यावर मार्गदर्शकाने आम्हांला दोन पडक्या चर्चपाशी नेले. सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्ता येथवर पोहोचली आणि पहिले चर्च एका माया देवालयावरच उभे राहिले. दुसरे त्याहून मोठे; त्याच्या वेदीकडील भागाच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत.

१६१८ साली बार्तोलोमे दे फुएनसालिदा आणि हुआन दे ऑर्बिता हे दोन फ्रान्सिस्कन धर्मगुरू लामानाईत थांबून पुढे इत्सा मायांच्या बेटावर गेले. १५२५ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस याने आपला लंगडा झालेला घोडा तेथे ठेवला होता. तो मेला, आणि लोकांनी त्याची मूर्ती करून तिची पूजा आरंभिली. ती पाहताच फादर ऑर्बिता यांचा संताप अनावर झाला. हाती दगड घेऊन त्यांनी ती मूर्ती फोडली! लोक खवळले, आणि दोघांनाही हात हलवीत परतावे लागले. पुढे १६४१ मध्ये फादर फुएनसालिदा पुन्हा या वाटेने आले, तेव्हा लामानाईचे चर्च जळालेले होते आणि गाव उठून गेले होते. मायांनी बंड केले होते. त्या चर्चच्याच जागी त्यांनी नंतर आपला शिलास्तंभ उभारला.

मार्गदर्शक स्वतः कॅथलिक, पण रक्ताने माया. त्या भिंतीपाशी उभा राहून त्याने आम्हांला शांतपणे विचारले, “फादर, हे चर्च माझ्या पूर्वजांनी जाळले. क्षमा कुणी कुणाची मागायची?”

आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही.

वास्तविक, मायांनी श्रद्धा झिडकारली असे सरसकट म्हणता येत नाही. याच देशाच्या पश्चिमेस तिपू नावाचे गाव होते. तेथील चर्चच्या जागी पाचशेहून अधिक मायांची ख्रिस्ती रीतीने केलेली दफने सापडली आहेत. बंड झाले ते खंडणी आणि सक्ती यांच्याविरुद्ध. पण शुभवर्तमान त्याच हातांनी आणल्यामुळे आगीची झळ त्यालाही लागली. आम्हांला आमच्या वसईच्या किल्ल्यातील छप्पर हरवलेली चर्च आठवली. १७३९ साली पोर्तुगीज गेले, वैभव गेले. श्रद्धा मात्र वाडीवाडीतल्या शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या घरात राहिली. जे मनाने स्वीकारले होते, ते टिकले.

दुपारनंतर आम्ही बेलीझ नदीच्या काठी बर्म्युडियन लँडिंग या क्रिओल वस्तीच्या गावी पोहोचलो. येथील काळ्या हाउलर माकडांना गावकरी ‘बबून’ म्हणतात. त्यांची गर्जना दूरवर ऐकू जाते. आम्ही तर पहिल्यांदा दचकलोच! आम्ही सवयीने कुंपण आणि फाटक शोधू लागलो, तर तसले काहीच नव्हते. ही सारी जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची. १९८५ साली अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्विच यांनी या शेतकऱ्यांना विनंती केली, की नदीकाठची झाडे आणि माकडांच्या खाण्याची झाडे तोडू नका. दोन शेतांमध्ये झाडांची पट्टी राखा. आरंभी बारा जमीनमालकांनी तसे वचन सही करून दिले. ते कायद्याने बंधनकारक नव्हते. पुढे सात गावांतील दोनशेहून अधिक मालक त्यात सामील झाले, आणि कारभार गावातील महिलांच्या गटाने हाती घेतला. झाडांमुळे नदीचा काठही ढासळत नाही, हा शेतकऱ्याचाही लाभ. हॉर्विच हातात दगड घेऊन आले नाहीत. ते दाराशी विनंती घेऊन आले.

परतीच्या वाटेवर आम्ही सारेच गप्प होतो. देवाची सृष्टी राखायची असो वा देवाचे वचन पोहोचवायचे असो, माणसाच्या दाराशी कसे जावे, हा प्रश्न एकच आहे. निरोप घेताना आमच्यातील सर्वांत वडील धर्मगुरूंनी मार्गदर्शकाचा हात हाती घेतला आणि म्हटले, “सकाळच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. आधी आम्ही मागायची.”

त्याने काही न बोलता खाली वाकून त्यांचा आशीर्वाद घेतला.